भिमाबाईंच्या नावाचे डबे

भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णात शेडग्यांनी ठरवलं की कुणाचाही डबा रिकामा परत जाता कामा नये. हे ठरवलं तेव्हा ते ओट्यासमोर उभे होते, हातात चहाचा कप होता आणि कप ठेवायला ओट्यावर जागा नव्हती.

ओट्यावर डबे होते. फ्रिजवर डबे होते. बंद पडलेल्या शिवणयंत्रावरही डबे होते. स्टीलचे, प्लॅस्टिकचे, एक तर चक्क रंगीत पत्र्याचा, बिस्किटांचा. सगळ्यांत फराळ होता आणि सगळा लोकांनी आणून दिलेला होता, कारण शेडग्यांच्या घरात यंदा दिवाळी नव्हती.

राजेश्वरीबाई श्रावणात गेल्या. ताप आला, तो त्यांनी अंगावर काढला. नागपंचमी आहे, मग पुरणाचं बघू, मग डॉक्टरचं बघू, असं करत राहिल्या. शेवटी वाशीला हॉस्पिटलात नेलं. तिथला तरुण डॉक्टर कृष्णातरावांशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे न बघता शर्टाच्या खिशाकडे बघत बोलला, तेव्हाच त्यांना काय ते समजलं. (तरी त्यांनी खिशात काही आहे का ते एकदा चाचपून बघितलं. माणूस अशा वेळी काहीही करतो.)

ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर तळणीची कढई चढत नाही, कंदील लागत नाही. मग शेजारीपाजारी फराळ आणून देतात. रीत चांगली आहे. फक्त जुईनगरच्या एका इमारतीत बिऱ्हाडं किती असतात, हे रीत घालून देणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नसावं.

आणि घरात खाणारी तोंडं दोन. एक कृष्णातराव स्वतः. कांदा-बटाटा मार्केटात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कारकुनी करून त्यांचं पोट असं झालं होतं की तळलेला पदार्थ नुसता बघितला तरी छातीत जळजळ सुरू व्हायची. दुसऱ्या त्यांच्या आई वेणूबाई. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात नाहीत, कानांनी कमी ऐकू येतं आणि डोळ्यांनी त्याहून कमी दिसतं. त्या लाडू दुधात भिजवून खायच्या, चकली हातात घेऊन चाचपायच्या आणि परत ठेवायच्या.

राजेश्वरीबाईंनी उभ्या संसारात कुणाचं भांडं रिकामं पाठवलं नव्हतं. समोरच्या काशीकडून कोलंबीची वाटी आली की त्या वाटीतून काहीतरी परत जायचंच. अगदीच काही नसलं तर कुंडीतल्या कढीपत्त्याची डहाळी जायची. हे सगळं कृष्णातरावांच्या डोळ्यांदेखत चालायचं आणि त्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आता ते काम त्यांच्याकडे आलं होतं.

त्यांनी आईला विचारायचं ठरवलं. वेणूबाई गॅलरीत कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. खाली आवारात पोरांचे किल्ले अजून उभे होते, मावळे आडवे झाले होते. समोरच्या बिल्डिंगीतले कंदील दिवसा फिके दिसत होते.

"आई, डबे परत द्यायचेत."

"कोन आलंय?"

"कुणी नाही. डबे. माघारी द्यायचेत."

"मंग दे की."

"रिकामे कसे देऊ?"

"चिमूटभर साखर घाल."

कृष्णातराव साखरेचा डबा शोधायला वळले, तोच मागून आवाज आला. "साखर नगं रं. दुखवट्याच्या घरातनं गोड जात न्हाई भायेर."

"मग मीठ घालू?"

"मिठानं भांडान हुतंय."

"मग घालू काय?"

"आरं, राजीला इचार की," वेणूबाई सवयीनं बोलून गेल्या.

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि किल्ल्यांकडे बघत बसल्या. कृष्णातरावांनी कप हातात तसाच धरून ठेवला, चहा गार होईपर्यंत.

त्यानंतर त्यांनी नाशिकला मुलीला फोन लावला. तेजश्रीचे दिवस भरत आले होते, म्हणून तिला बापाकडे येता येत नव्हतं.

"बाबा, तुम्ही डब्यांना हात लावू नका," तेजश्री म्हणाली. "तसेच राहू द्या. मी आले की बघते."

"तू कधी येणार?"

"बाळ जरा धरायला आलं की."

म्हणजे डबे संक्रांतीपर्यंत ओट्यावर. कृष्णातरावांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. (बायको म्हणायची, हे 'बरं' म्हणाले की समजावं, ऐकलेलं नाही.)

आणि तेवढ्यात त्यांना युक्ती सुचली. बाहेरचं काही घालायचंच कशाला? एकीच्या चकल्या दुसरीच्या डब्यात घालायच्या, दुसरीचा चिवडा तिसरीच्या. भांडं रिकामं जाणार नाही, फराळ वाया जाणार नाही आणि आपल्या घरचं गोडही बाहेर जाणार नाही, कारण ते मुळात आपल्या घरचं नाहीच. श्रावणापासून प्रथमच त्यांना आपलं डोकं चालल्यासारखं वाटलं. त्यांनी बनियनवरच कामाला सुरुवात केली.

आता कुठला डबा कुणाचा, एवढंच उरलं होतं. संध्याकाळी ते घरी असताना जे आले ते त्यांच्या लक्षात होते. पत्र्याचा बिस्किटांचा डबा दुसऱ्या मजल्यावरच्या सुचिताचा. ती ऑर्डर घेऊन फराळ करायची, दिवाळीत तिला मान वर करायला सवड नसायची, तरी बिचारी स्वतः घेऊन आली होती. निळ्या झाकणाचा मोठा डबा चौथ्या मजल्यावरच्या अस्मिताबाईंचा. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी डबा देताना 'सगळं घरी केलंय हं, आमच्याकडे विकतचं चालत नाही' असं वेणूबाईंना तीनदा सांगितलं होतं, कारण पहिल्या दोन वेळा वेणूबाईंना ऐकू आलं नव्हतं.

बाकीचे डबे दिवसा आलेले. ते वेणूबाईंनी घेतले होते आणि कोण आलं होतं विचारलं तर त्या 'एक बाई हुती' एवढंच सांगत होत्या. पण स्टीलच्या डब्यांवर नावं कोरलेली होती. कृष्णातरावांनी चष्मा लावला, डबे खिडकीपाशी नेले आणि नावं वाचून काढली.

एकावर 'श्री. धर्मराज साबळे यांजकडून सप्रेम भेट' होतं. साबळे तळमजल्यावर राहायचे. आणि चार डब्यांवर एकच मजकूर होता. 'कै. भिमाबाई गणपत ठाकूर यांच्या स्मरणार्थ.' भिमाबाई म्हणजे समोरच्या काशीची सासू. काशी आणि तिचा नवरा हिरामण मूळचे इथलेच, गावठाणातले. शहर यायच्या आधी या इमारतीच्या जागेवर त्यांची भातशेती होती असं हिरामण सांगायचा. चार डबे आणले काशीताईंनी, किती मन मोठं, असं कृष्णातरावांना वाटलं. खरं तर काशीनं आधीच पुष्कळ केलं होतं. ते मार्केटात गेले की घराची किल्ली तिच्याकडे असायची. दुपारी ती यायची, वेणूबाईंना जेवायला वाढायची, चहा करून द्यायची, दोघी एकमेकींना न ऐकू येणाऱ्या गप्पा मारायच्या. ती नसती तर कृष्णातरावांना नोकरीच सोडावी लागली असती.

रविवार होता. दहाच्या सुमारास ते इस्त्रीचा शर्ट घालून डबे वाटायला निघाले.

सुचिताला त्यांनी चकल्या दिल्या. "चौथ्या मजल्यावरच्या अस्मिताबाईंच्या हातच्या आहेत," ते कौतुकानं म्हणाले. "मी खात नाही, पण मोडून बघितली. खुसखुशीत आहे. तुम्ही एवढं लोकांसाठी करता, म्हटलं तुम्हालाही कुणाच्या तरी हातचं मिळू दे."

सुचितानं एक चकली उचलली, उजेडात फिरवून बघितली आणि तिचा चेहरा बदलला.

"काका, या अस्मितावहिनींनी केल्यात? नक्की?"

"त्यांनीच सांगितलं. घरी केल्यात."

"अच्छा," सुचिता म्हणाली. "थँक्यू हां काका." आणि तिनं दार लावून घेतलं. कृष्णातरावांना वाटलं, गॅसवर काहीतरी असेल.

तळमजल्यावर साबळ्यांनी डबा हातात घेतला, आपलंच नाव वाचलं आणि कितीतरी वेळ वाचतच राहिले.

"हा तुमच्याकडे कसा?"

"तुम्हीच फराळ पाठवला होता ना?"

"मी एकटा माणूस, मी कसला फराळ पाठवतोय. हा डबा मी माझ्या दोस्ताच्या, नामदेवच्या मुलीच्या लग्नात आहेर केला होता. आतून ठोके बघून घेतला होता, जाड आहे." साबळ्यांनी झाकण वाजवून दाखवलं. "म्हणजे नामदेवनं तो घरातून काढला. कुणाला तरी देऊन टाकला. बघतोच आता त्याला."

"आत शेव आहे," कृष्णातराव म्हणाले. 

"शेव राहू दे," साबळे म्हणाले आणि डब्यासकट आत गेले. जिना चढेपर्यंत त्यांचा फोनवरचा आवाज येत होता. "नामदेव, माणूस ओळखायला मी चुकलो म्हणायचं."

भिमाबाईंचे चारही डबे त्यांनी मार्केटच्या मोठ्या कापडी पिशवीत घातले आणि समोरचं दार वाजवलं. काशी देवळात गेली होती. हिरामण लुंगीवर बसून टीव्ही बघत होता.

"तुमच्या आईंच्या नावाचे आहेत," कृष्णातराव म्हणाले आणि एकेक डबा त्याच्यापुढे मांडत गेले.

हिरामणनं पहिला डबा वाचला. दुसरा वाचला. तिसरा वाचताना त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"सगले परत?" त्यानं विचारलं.

"सगळे. आता आमच्याकडे एकही राहिला नाही," कृष्णातराव समाधानानं म्हणाले.

त्या दिवशी दुपारी त्यांना झकास झोप लागली.

सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे मार्केटात गेले. जाताना दारावर एक नवलाची गोष्ट दिसली. काशीकडे असायची ती किल्ली त्यांच्या कडीला दोऱ्यानं बांधून ठेवलेली होती. पडली असेल, कुणीतरी उचलून अडकवली असेल, असं म्हणून त्यांनी ती खिशात टाकली आणि समोरची बेल दाबली. दार उघडलं नाही. बस चुकायला नको म्हणून ते निघाले. दुपारी काशीताईंनी दार वाजवलं की आई आतून उघडेलच, असा त्यांनी हिशेब केला.

दुपारी दीडला त्यांनी घरी फोन केला. रोज काशी उचलायची. आज रिंग वाजत राहिली. वेणूबाईंना ती ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पुन्हा केला. मग काशीला केला, तो तिनं कापला.  गाळ्यावरच्या माणसाला 'आलोच' म्हणून ते बाहेर पडले, कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत हमरस्त्यावर आले आणि मिळाली ती रिक्षा धरली. दिवाळी उलटली तरी ऊन भाजत होतं. सानपाड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांना हॉस्पिटलातला तो डॉक्टर आठवला आणि त्यांनी खिसा चाचपला. खिशात किल्ली होती.

जिन्यातच करपल्याचा वास आला.

दार उघडलं तर घरभर धूर. गॅसची शेगडी चालू, तिच्यावर भांडं, भांड्यात काळंठिक्कर काहीतरी चिकटलेलं, आणि पदर सावरून उन्हात बसावं तशा वेणूबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेल्या. कृष्णातरावांनी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. खिडकीची कडी दोनदा सुटली.

"आई. आई, लागलं का कुठं?"

"च्या टाकला हुता," वेणूबाई म्हणाल्या. "पर कप गावंना. म्हनलं कप गावूस्तवर बसावं."

"जेवलीस?"

"काशी आली न्हाई. बरं न्हाई का काय तिला."

त्यांनी आईला उचलून पलंगावर बसवलं, पाणी दिलं, दूध-पोळी कुस्करून दिली. पदराची एक कड जळाली होती, हातभर. ती त्यांनी बघितली आणि आईला दिसणार नाही अशी दुमडून कमरेला खोचली. वेणूबाईंनी ती परत ओढून काढली. मग ते मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहिले. श्रावणातही ते असेच उभे होते.

तोंड पुसून त्यांनी समोरचं दार वाजवलं. या वेळी ते उघडेपर्यंत वाजवलं.

काशी दारात उभी राहिली, पण बाजूला झाली नाही.

"काशीताई, आईनं गॅस लावला होता. घर पेटलं असतं."

काशीच्या तोंडावरचा रंग उडाला. "मावशे बरी हाय ना?"

"बरी आहे. पण तुम्ही का आला नाहीत? माझं काही चुकलं का?"

"मनाच विचारता?" काशी म्हणाली. "माजी सासू गेली तवा यांनी आख्ख्या गावात नि बिल्डिंगीत तिच्या नावाचे डबे वाटले. कुनाच्या घरान तिचा नाव तरी र्‍हावा म्हनून. नि तुमी चार घरांचे डबे गोला करून माज्या दारान आनून टाकले. मेलेल्या मानसाच्या नावाचा डबा कोन परत देतं क? यांनी कालपासून ताटाला हात लावला नाय."

कृष्णातरावांना एकदम सगळं लख्ख दिसलं. चार डबे काशीनं आणले नव्हते. चार निरनिराळ्या घरांनी, त्यांच्याकडे असलेल्या भिमाबाईंच्या डब्यांतून फराळ पाठवला होता.

"कुनी कुनी परत दिले त्यांची नावा सांगा मना," काशी म्हणाली.

"मला नाही माहीत."

"लपवू नका."

"काशीताई, देवाशपथ माहीत नाही. एकही डबा कुणाचा ते मला माहीत नाही. मी नावं वाचून दिले. आमच्या हिला माहीत असायचं. कुठली वाटी कुणाची, कुणाला काय घालून द्यायचं, सगळं तिला माहीत होतं. मी विचारलंच नाही कधी."

ते एवढंच बोलले आणि पायपुसण्याकडे बघत राहिले.  काशीनं आतल्या बाजूला तोंड करून हिरामणला हाक मारली. "आयकला क? उठा, जेवून घ्या. कुनी परत नाय दिले. या मानसाना वाचता येतं, तेचा घोल हाय सगला."

तेवढ्यात जिन्यात आवाज चढले. पुढे सुचिता होती, हातात पत्र्याचा डबा. मागून अस्मिताबाई उतरत होत्या.

"काका, तुम्हीच सांगा यांच्यासमोर," सुचिता म्हणाली. "या चकल्या कुणाच्या डब्यातल्या?"

"अहो शेडगेकाका, काही बोलू नका तुम्ही," अस्मिताबाई म्हणाल्या.

"माझ्या सोऱ्याच्या चकतीचा एक दात मोडलाय," सुचिता काशीला चकली दाखवत म्हणाली. "म्हणून माझ्या प्रत्येक चकलीला एका बाजूनं काटा नसतो. हे बघा. वहिनींनी माझ्याकडून सीवूड्सच्या बहिणीसाठी म्हणून नेल्या. आणि मंडळात सांगितलं, विकतचं आणणाऱ्या बायकांना संसार कळत नाही. माझ्या दोन ऑर्डरी कॅन्सल झाल्या त्यामुळे."

अस्मिताबाईंनी जिन्याचा कठडा धरला. त्या काहीतरी जोरात बोलणार असं वाटत होतं, पण आवाज बारीक निघाला. "यंदा गुडघ्यांनी बसू दिलं नाही मला. सगळे म्हणतात अध्यक्षबाईंच्या हाताला चव आहे. काय सांगणार होते मी?"

 तळमजल्यावरून साबळ्यांचा फोनवरचा आवाज तेवढा येत होता, नामदेवशी अजून मिटलं नव्हतं.

काशीनं कापडी पिशवी उचलली, भिमाबाईंचे चारही डबे तिच्यात घातले आणि ती सरळ शेडग्यांच्या घरात शिरली. "चला," ती दोघींना म्हणाली. "हे मानूस एकल्यानं करील तर आनखी दोन घरा मोडतील."

मग स्वयंपाकघराच्या फरशीवर सगळ्या बसल्या. (अस्मिताबाईंना स्टूल दिलं.) खिडकीतून धूर निघून गेला होता, वास तेवढा राहिला होता. काशीनं ते चार आणि ओट्यावर राहिलेले बिननावाचे सगळे डबे मधे मांडले आणि कृष्णातरावांना दाराशी उभं केलं. बायकांनी एकही नाव वाचलं नाही. सुचितानं एका झाकणाचा पोचा बघून सांगितलं, हा पहिल्या मजल्यावरचा, त्यांच्या नातवानं आपटलाय. अस्मिताबाईंनी भिमाबाईंच्या एका डब्याला तळाशी लावलेला लाल नेलपेंटचा ठिपका दाखवला, ती तिसऱ्या मजल्यावरच्यांची खूण, आणि निळ्या डब्याखेरीज दिवसा पाठवलेला आपलाही एक डबा त्या चारांत निघाल्यावर काशीकडे बघून म्हणाल्या, "भिमाआजींचा डबा मी डाळीला वापरते. रोज हातात असतो. परत कशाला देऊ?" काशीनं डोळ्यांना पदर लावला आणि तो डबा त्यांच्याकडे सरकवला.

हळूहळू बोलणं सैल झालं. राजेश्वरी कुणाच्या वाटीतून काय पाठवायची ते निघालं. एकदा काहीच नव्हतं म्हणून तिनं सुचिताच्या पातेल्यात दोन बटाटे घालून दिले होते, मार्केटमधून नवऱ्यानं आणलेले, आणि त्यातला एक किडका निघाला होता. त्यावर सुचिता हसली, मग अस्मिताबाई हसल्या. पलंगावरून उठून वेणूबाई भिंत धरत आल्या आणि काशीच्या शेजारी बसल्या. काही ऐकू येत नव्हतं तरी त्याही हसल्या. त्या घरात श्रावणानंतर कुणी हसलेलं ते पहिल्यांदाच. कृष्णातराव दाराशी उभे राहून ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं, हे असंच चालू राहावं, संध्याकाळपर्यंत डबे पुरावेत.

शेवटी एक डबा उरला. शिवणयंत्राच्या मागं गेला होता तो. तो कुणीच आपला म्हणेना. कृष्णातरावांना आपणही या हसण्यात भाग घ्यावा असं फार वाटलं. त्यांनी पुढं होऊन डबा उघडला. आत कानवले होते. एक फुगलेला, एक चपटा, कडेच्या मुरडी सुटलेल्या, दोन तर मधेच फाटून सारण बाहेर आलेलं. त्यांनी जळजळीची पर्वा न करता एक उचलला आणि कचकन चावला.

सारणात साखरेच्या जागी मीठ होतं. थोडंथोडकं नव्हे, मूठभर.

"ज्यांचे असतील त्यांनी राग मानू नये," कृष्णातराव तोंड वाकडं करून, हसत म्हणाले. "पण ज्या बाईनं हे केलेत तिला एकतर दिसत नसावं, नाहीतर तिचा आमच्या घरावर जुना राग असावा."

कुणी हसलं नाही. सुचितानं काशीकडे बघितलं. काशीनं वेणूबाईंकडे बघितलं.

"मावशेनं केल्यान," काशी हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या घरान कढई चढवायची नाय ना वरीसभर, म्हनून माज्या ओट्याशी बसून केल्यान. दोन दुपारा लागल्या. तलायला फक्त मी होतू. मना बोलली, किस्नाला सांगू नको, दिवालीला गुपचूप दे. डबा बी तुमचाच, इथं आनून ठेवला नि मग मीच इसरलू सांगायचा."

कृष्णातरावांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"काय म्हनतोय किस्ना?" वेणूबाईंनी विचारलं.

काशी त्यांच्या कानाशी वाकली. "आवडले त्याला. आनखी मागतंय."

वेणूबाईंचं बोळकं उघडलं. त्यांनी हातानं चाचपत डबा ओढून मांडीवर घेतला, त्यातला सगळ्यांत मोठा कानवला निवडला आणि लेकाच्या आवाजाच्या दिशेनं धरला. कृष्णातराव त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. तो त्यांनी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते मिठानं, असं ते मागाहून तेजश्रीला सांगणार होते. सुचिता पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर वेणूबाईंनी हातानंच अडवला.

"पानी नगं दिऊ. पानी पिला की पोट भरतंय त्याचं."

तिसरा कानवला त्यांनी पुढं केला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गेली चार-पाच वर्सं म्या करतीया, पर हेच्या वाट्याला एक बी येत न्हवता. राजी सगळं एकटीच खायाची. म्हनायची, आत्याबाई, ह्येस्नी दावू बी नगा. लई हावरट हुती बग. आता खा पोटभर, कोन न्हाई वाटा मागाया."